अंगारकर्कटी आणि रोडगा : हेमंतातील एक पथ्यविचार

मार्गशीर्ष उजाडला की दौंड-शिरूर परिसरातील आपल्या दवाखान्यांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो, "डॉक्टरसाहेब, रोडगा चालंल का?" काही ठिकाणी रोडग्याऐवजी बट्टी किंवा बाटी म्हणतात, एवढाच फरक. या प्रश्नाला आपल्याकडून बहुधा दोनच उत्तरे दिली जातात. गव्हाचा, जाड, तुपात बुडालेला पदार्थ म्हणून 'जड आहे, टाळा' हे एक. आणि 'थंडीचे दिवस आहेत, अग्नी चांगला आहे, खा' हे दुसरे. दोन्ही उत्तरांना शास्त्राचा आधार आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत. रुग्ण कोण, रोडगा कोणत्या अग्नीवर भाजलेला, केव्हा आणि किती खाल्ला, हे विचारल्यावाचून दिलेले उत्तर म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध होय. प्रस्तुत लेखात या एका पदार्थाच्या निमित्ताने भर्जनसंस्काराचा विचार करावयाचा आहे.

संत एकनाथांच्या भवानीच्या भारुडामुळे रोडगा हा शब्द प्रत्येक मराठी माणसाच्या ओठी असतो. मात्र आपल्या भीमाकाठी ज्वारी-बाजरीच्या भाकरीचे राज्य असल्याने रोडगा हा नित्याचा आहार नव्हे. मराठवाड्यात व विदर्भात तो अधिक रुळलेला आहे. विदर्भातील पानगे पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. खानदेशात बट्टी बहुधा आधी उकडून वा वाफवून मग तळतात आणि तुरीचे वरण व घोटलेल्या वांग्यांबरोबर वाढतात. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, शिवाय राज्य राखीव पोलीस दलाची येथे वसाहत; त्यामुळे राजस्थानची बाटी, बिहारची सातू भरलेली लिट्टी आणि खानदेशची बट्टी हे तिन्ही प्रकार करणारी कुटुंबे एकाच गल्लीत आढळतात. रुग्ण 'बाटी खाल्ली' एवढेच सांगतो आणि आपण त्याची नोंद करून मोकळे होतो. प्रत्यक्षात तळलेली, उकडलेली आणि निखाऱ्यावर भाजलेली बाटी हे गुणदृष्ट्या तीन स्वतंत्र पदार्थ आहेत.

भावमिश्रांची नोंद

भावप्रकाशाच्या कृतान्नवर्गात 'अंगारकर्कटी' या नावाने जी कृती आली आहे ती आपल्या रोडग्याचीच आहे. वाळलेल्या गव्हाचे पीठ किंचित घट्ट मळावे, त्याचे वटक करावेत आणि ते निर्धूम अग्नीवर सावकाश शिजवावेत, इतकीच ती कृती. तिचे जे गुण सांगितले आहेत ते मात्र वाचकाला थबकवतात. अंगारकर्कटी बृंहण आहे, शुक्रल आहे, बल्य आहे, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याच ठिकाणी तिला लघु व दीपन म्हटले आहे. ती कफकर आहे असे सांगून लगेच पीनस, श्वास व कास यांना जिंकणारी असेही म्हटले आहे.

बृंहण द्रव्य बहुशः गुरु असते. मग हे लघु कसे? कफकर आहार श्वासात वर्ज्य. मग ही श्वासहर कशी? विद्यार्थिदशेत आपण हे पाठ करून पुढे गेलो. व्यवसायात आल्यावर मात्र या दोन विसंगतींचा उलगडा झाल्याशिवाय रुग्णाला नेमके उत्तर देता येत नाही.

पहिल्या विसंगतीची किल्ली अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात आहे. कुकूल, कर्पर, भ्राष्ट्र, कंदु आणि अंगार या पाच ठिकाणी शिजविलेले अपूप उत्तरोत्तर लघु होत जातात, असे वाग्भट सांगतात. आणि ते एकाच धान्याचे असले पाहिजेत ही अटही घालतात. म्हणजे तुलना गव्हाची तांदळाशी नाही. गव्हाची गव्हाशी आहे, फरक केवळ अग्नीचा आहे.

हे पाचही अग्नी मराठी घराला अपरिचित नाहीत. कुकूल म्हणजे तूस वा गोवरी जळून उरलेली धगधगती राख, आपला फुफाटा. कर्पर म्हणजे खापर. खानदेशातले मांडे अजूनही खापरावर होतात. भ्राष्ट्र म्हणजे भडभुंज्याची भट्टी. कंदूचा अर्थ कोणी लोखंडी तवा असा करतात, कोणी भट्टी असा. आणि अंगार म्हणजे चुलीपुढे ओढलेला आर, ज्यावर आपल्या आया भाकरी उभी करून फुगवीत. या क्रमात फुफाट्यातील अपूप सर्वांत गुरु आणि आरावरील सर्वांत लघु. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण पाकशास्त्रातही खरी ठरावी, ही मौजेची गोष्ट आहे.

आता भावमिश्रांची अंगारकर्कटी लघु का, हे ध्यानात येते. ती अंगारपक्व आहे. तिचे लघुत्व सापेक्ष आहे. त्याच पिठाचा फुफाट्यात पुरलेला किंवा खापरावर थापलेला अपूप तिच्याहून जड. मुगाच्या कढणाशी किंवा लाह्यांशी तिची तुलना येथे अभिप्रेतच नाही. 'ग्रंथात लघु म्हटले आहे' एवढ्यावरून मंदाग्नीच्या रुग्णाला रोडगा सुचविणे हा म्हणूनच ग्रंथाचा विपर्यास होय.

घरातील कृती आणि तिचा गुणांवर परिणाम

एक किलो जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेस सुमारे १०० ग्रॅम तुपाचे मोहन, १० ग्रॅम ओवा, थोडे जिरे व बेताचे मीठ घालून कोमट पाण्याने घट्ट मळावे. पाणी ४०० ते ४५० मिलिलिटर लागते. अर्धा तास झाकून ठेवून त्याचे बारा गोळे करावेत. गोवऱ्या मोकळ्या अंगणात पेटवून धूर आणि ज्वाळा पूर्ण सरेपर्यंत थांबावे. हे थांबणेच बहुतेक ठिकाणी चुकते. निखारे पसरून त्यांवर गोळे ठेवावेत व सर्व बाजूंनी फिरवीत भाजावेत. वरचे कवच कडक होऊन तडे जाऊ लागले की मगच ते थोडा वेळ गरम राखेत लोटावेत, जेणेकरून गाभा शिजेल. एकूण अर्ध्या ते पाऊण तासाचे काम आहे. बाहेर काढून फडक्यात घोळून राख झाडावी, रोडगा फोडावा, गाभ्यात कच्च्या कणकेचा वास येत नाही हे पाहावे आणि मग तूप घालावे.

घाईच्या वेळी, विशेषतः जत्रेत किंवा शेतावर पन्नास माणसांचा स्वयंपाक असताना, गोळे आरंभीच राखेत पुरून टाकतात. वरून करपलेला आणि आत चिकट असा रोडगा तयार होतो. हा कुकूलपक्व, नव्हे बऱ्याचदा अर्धपक्वच. खाल्ल्यावर दुपारभर पोट जड राहणे, आंबट ढेकर, तहान ही लक्षणे घेऊन दुसऱ्या दिवशी येणारा रुग्ण 'तूप बाधले' असे म्हणतो. माझ्या मते दहांपैकी सात वेळा तूप निरपराध असते. कच्चा गाभा बाधलेला असतो.

पानग्यांचे तंत्र पाहिले की औषधनिर्मिती करणाऱ्यांना पुटपाक आठवल्याशिवाय राहणार नाही. शार्ङ्गधरांनी गांभारी, वड, जांभूळ इत्यादींच्या पानांचे वेष्टन, त्यावर मातीचा लेप आणि तो लेप अंगारवर्ण होईपर्यंत अग्नी, अशी पुटपाकाची पद्धत दिली आहे. पानामुळे आतील ओलावा टिकतो व द्रव्य करपत नाही. पानग्याला मातीचा लेप नसतो, परंतु तत्त्व तेच. अर्थात ओलावा टिकल्याने पानगा मऊ होतो आणि उघड्या आरावरील रोडग्यापेक्षा काहीसा गुरु राहतो, असे मानावयास हरकत नाही.

शहरात गोवऱ्या कोठून आणाव्यात, हा पुढचा प्रश्न. विजेच्या ओव्हनमध्ये १८० ते २०० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटे, मध्ये एकदोनदा उलटून, रोडगा उत्तम भाजला जातो. तो अंगारपक्व म्हणावा का? गजपुटाऐवजी मफल फर्नेसमध्ये केलेल्या भस्मांबद्दल आपल्या संमेलनांतून जो वाद अनेक वर्षे चालला आहे, त्याचीच ही घरगुती आवृत्ती आहे. गोवऱ्यांच्या पुटातून मिळणारी उष्णता चढते, टिकते आणि आपोआप निवते; फर्नेसमध्ये तो आलेख मुद्दाम आखावा लागतो. तो काळजीपूर्वक आखला तर परिणाम जवळ येतो. ओव्हनबद्दल मी एवढेच म्हणेन की ती बंद, सर्व बाजूंनी कोरडी उष्णता असल्याने तिची गणना कंदूजवळ करावी. फुफाट्यापेक्षा ती निश्चित बरी, आणि धुराचा प्रश्न मुळातच नाही.

सोड्याचा मात्र निषेध केला पाहिजे. रोडगा खुसखुशीत व्हावा म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची पद्धत रूढ झाली आहे. चरकांनी पिप्पली, क्षार व लवण यांच्या अतियोगाविरुद्ध विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे. सोड्यातून सोडियम पोटात जाते, त्यामुळे उच्च रक्तदाबाच्या रुग्णास तर तो दुहेरी अपायकारक. तुपाचे मोहन नीट चोळले तर सोड्याची गरजच पडत नाही.

कफकर, तरीही कासहर

दुसऱ्या विसंगतीकडे वळू. दौंड तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यातला. येथील थंडी कोकणासारखी दमट नसून कोरडी आहे. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, मलावष्टंभ वाढतो, रात्री कोरडा खोकला येतो. थंडीतील प्रत्येक कास कफज समजून त्यास रूक्ष, तीक्ष्ण औषधे देण्याची आपली सवय या प्रदेशात अनेकदा चुकते. शुष्क, वेगाने येणारा, उरात दुखविणारा आणि स्निग्ध उष्ण आहाराने उपशम पावणारा कास वातज होय. अशा रुग्णास बृंहण, स्निग्ध, उष्ण आणि तरीही अग्नी न विझविणारा आहार हवा. अंगारकर्कटीचे वर्णन या गरजेशी तंतोतंत जुळते. ती कफ वाढविते हे खरे. पण क्षीण, रूक्ष, वातप्रधान रुग्णाला तीच वाढ हवी असते. पीनस, श्वास, कास यांतील तिची उपयुक्तता अशा अवस्थेपुरती घ्यावी असे मला वाटते. घट्ट कफ सुटणाऱ्या, छाती भरलेल्या, जिव्हा लिप्त असलेल्या रुग्णाला भावप्रकाशाचा हवाला देऊन रोडगा चारणे घातक ठरेल.

ऋतुचर्येचा संदर्भ सर्वांना परिचित आहे. हेमंतात शीतामुळे कोंडलेला अग्नी बलवान होतो. त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो धातूंचेच पचन करू लागतो. म्हणून गहू, पिष्टविकृती, उडीद, उसाचे व दुधाचे पदार्थ, तेल आणि नवान्न यांचा उपदेश आहे, आणि वातवर्धक लघु आहार व प्रमिताशन यांचा निषेध आहे. हा निषेध आपण वाचतो आणि विसरतो. मी तो कसा विसरलो ते येथे सांगितलेच पाहिजे.

नदीकाठच्या एका गावातील साठी ओलांडलेले शेतकरी शरदात ज्वरासाठी माझ्याकडे आले होते. ज्वर उतरल्यावर मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, दुधीभोपळा, तूप वर्ज्य, असे पथ्य मी लिहून दिले. ते पथ्य किती दिवसांचे, हे लिहिले नाही. गृहस्थ शिस्तीचे. पौषाच्या मध्यावर ते आले तेव्हा पाच किलो वजन उतरलेले, झोप नाही, मलप्रवृत्ती तीन-तीन दिवसांनी आणि रात्रभर कोरडा खोकला. वजन घटणे आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला म्हटल्यावर थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे आधी करणे भागच होते. दोन्ही निर्दोष आले, रक्तशर्कराही प्राकृत होती. तेव्हा सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही दिलेलं अजून चालूच हाये. आता रोडगा दिला तर चालंल का ह्यांना?"

भर हेमंतात अडीच महिने मी त्यांना प्रमिताशनावर ठेवले होते. बलवान अग्नीला इंधन न मिळाल्यास काय होते, याचे ग्रंथातील वर्णन समोर बसले होते, आणि ते माझ्याच चिठ्ठीने घडले होते. आहार बदलताना एकदम उडी घेतली नाही. पहिला आठवडा भाकरीवर दोन चमचे तूप, रात्री सुंठ घातलेले दूध. दुसऱ्या आठवड्यापासून एकाआड एक दिवस, सकाळी दहाच्या सुमारास, कडकडून भूक लागल्यावर, आरावर भाजलेला अर्धा रोडगा, तूप, तुरीचे पातळ वरण व लसणाची चटणी. औषध सितोपलादि चूर्ण तूप-मधातून, विषम प्रमाणात. माघाच्या अखेरीस खोकला थांबला होता, कोठा सुधारला होता आणि वजन तीन किलोंनी भरून आले होते. यात रोडग्याचा वाटा किती, तुपाचा किती, औषधाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. परंतु पथ्याच्या चिठ्ठीवर मुदत लिहिण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

मात्रा, काल, अनुपान

८० ग्रॅम कणकेचा एक रोडगा म्हणजे २५ ग्रॅमच्या तीन पोळ्यांहून अधिक. त्यावर एक मोठा चमचा तूप म्हटले तरी चारशे कॅलरींच्या आसपास मजल जाते. पंगतीत असे चार रोडगे सहज संपतात. गुरु पदार्थ अर्धी तृप्ती होईपर्यंतच खावेत, हा वाग्भटांचा दंडक येथे शब्दशः लागू आहे. चरकांनी पिष्टमय पदार्थांविषयी आणखी स्पष्ट सांगितले आहे : जेवण झाल्यावर ते कधीही खाऊ नयेत, भूक असतानाही मात्रेनेच खावेत. म्हणजे भात-आमटीचे जेवण उरकून 'चवीपुरता एक' घेतलेला रोडगा हा चार रोडग्यांच्या सकाळच्या जेवणापेक्षाही अधिक दोषकर ठरू शकतो.

पुणे-सोलापूर महामार्गावरील ढाब्यांतून रात्री दहा-अकराला मिळणारी दाल-बाटी हा याचा उत्तम, म्हणजे वाईट, नमुना होय. ती बहुधा आधी उकडून ठेवलेली, मागणीनुसार तळलेली असते. चाळिशीतला, दिवसभर गादीवर बसणारा, पोट सुटलेला प्रमेही व्यापारी 'थंडीत अग्नी वाढतो असे तुम्हीच सांगता' म्हणून ती खातो. त्याचा हेमंत पंख्याखाली, बंद खोलीत आणि गाडीत जातो. ज्याने थंडी सोसली नाही, श्रम केले नाहीत, त्याला हेमंताचा आहार मागण्याचा अधिकार नाही, हे त्याला समजावून सांगावे लागते. अशा रुग्णास सरसकट 'नाही' म्हणण्यापेक्षा पाव रोडगा, एक वर्षाच्या जुन्या गव्हाचा, वांग्याच्या भरितासह, दुपारी बारापूर्वी आणि त्या जेवणात दुसरे कोणतेही धान्य नाही, अशी अट घालणे मला अधिक व्यवहार्य वाटते. शर्करा नियंत्रणाबाहेर असेल तर तेवढेही नाही. गव्हाच्या ग्लुटेनची असहिष्णुता निदान झालेल्यास कोणताही अग्नी उपयोगी नाही, हे सांगावयास नकोच.

अनुपानाची एक बारीक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. जव व गहू यांस शीत जल हे अनुपान सांगितले आहे. परंतु पिष्टमय पदार्थांस कोमट. रोडगा गव्हाचा खरा, पण पिष्टमय. म्हणून त्यावर कोमट पाणीच द्यावे.

औषधविक्रेत्यांसाठी थोडेसे

डिसेंबर-जानेवारीत दुकानांतून पाचक चूर्णांचा खप वाढतो, हे औषधविक्रेते बंधू जाणतातच. गिऱ्हाईक 'पोट जड झालंय, काहीतरी द्या' म्हणते आणि लवणभास्कराची डबी पुढे सरकते. लवणभास्करात लवणाचा भाग मोठा आहे; रक्तदाबाची गोळी चालू आहे का, एवढे विचारल्याशिवाय ते देऊ नये. हिंग्वाष्टक द्यावयाचे तर ते जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपातून घ्यावयाचे आहे, जेवणानंतर पाण्याबरोबर फाकावयाचे नाही, हे सांगण्यास अर्धे मिनिट लागते. रोडग्याच्या जेवणात तर तूप पानातच असते. आणि जो गृहस्थ थंडीभर रोडगे, डिंकाचे लाडू, उडदाचे पदार्थ खात आहे, त्याला त्यावर च्यवनप्राशाची मोठी बरणी विकताना भूक लागते का, हे एकदा विचारावे. बृंहणावर बृंहणाचा थर चढविल्यास त्याची फेड वसंतात आपल्याच दुकानात, सर्दी-खोकल्याच्या औषधांच्या रूपाने होते. विक्रीच्या दृष्टीने ही वाईट गोष्ट नाही. वैद्यकाच्या दृष्टीने आहे.

धुराविषयी भावमिश्रांनी घातलेली 'निर्धूम' ही अट केवळ चवीसाठी समजू नये. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतील दीर्घकालीन श्वसनमार्गरोधाचे चुलीचा व गोवऱ्यांचा धूर हे एक प्रमुख कारण म्हणून आज मान्य झाले आहे. श्वासाच्या रुग्णाला रोडगा पथ्यकर ठरला तरी तो भाजण्यासाठी त्याला किंवा तिला आगटीपाशी बसवू नये. भाजणारे दुसरे कोणी असावे, आणि जागा उघडी असावी.

फाल्गुनाचा उत्तरार्ध लागला की रोडगा हळूहळू कमी करीत ऋतुसंधीच्या पंधरवड्यात बंद करावा. साचलेला कफ पुढे उन्हाने वितळणार असतो. वर सांगितलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी चैत्रात पुन्हा आल्या, नवे गहू घरात आले आहेत, त्याचे रोडगे करू का, असे विचारीत. नवा गहू कफकर आणि ऋतूही कफप्रकोपाचा, म्हणून मी नको म्हटले. त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी आणि मुगाचे वरण लिहून दिले, आणि खाली मुदत घातली : ज्येष्ठ लागेपर्यंत.